एकाच नावाची माणसं: वाचनालयाच्या तालिकेत त्यांना वेगळं कसं ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं एक 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय. जुनी कार्डांची तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, संगणकावर चढवण्याचं काम सुरू आहे. नोंदी चढवताना संगणकाने सारख्या नावाचे लेखक आपोआप एकत्र केले. 'वामन जोशी', 'वसंत देसाई', 'शरद जोशी' या नावांखाली वेगवेगळ्या माणसांची पुस्तकं एका ओळीत येऊन बसली आहेत. कोणतं पुस्तक कोणाचं ते कसं ठरवायचं, आणि कार्यकारी मंडळाला दिवाळीपर्यंत काम पूर्ण हवं आहे तर सुरुवात कुठून करायची, असं विचारलं आहे.

सगळ्यात आधी हे एकत्रीकरण थांबवा. उरलेल्या नोंदी कार्डावर जशा आहेत तशाच चढू द्या, एका माणसाची दोन नावं झाली तरी चालेल. दोन नोंदी एकाच माणसाच्या निघाल्या तर त्या पुढे केव्हाही जोडता येतात. दोन माणसं एकदा मिसळली की मात्र प्रत्येक पुस्तक कपाटातून काढून पुन्हा हातात धरावं लागतं. मी चौतीस वर्षं ग्रंथालयात तालिकेचं काम केलं. त्यातला मोठा वेळ आधीच्या कुणीतरी घाईने एकत्र केलेलं सोडवण्यात गेला, आणि त्या 'कुणीतरी'त काही ठिकाणी मीही होते.

वामन जोशींपासूनच सुरू करू, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी 'रणदुंदुभि' या नाटकाचं कार्ड मी 'रागिणी' या कादंबरीच्या कार्डामागे लावलं. लेखक जोशी, नाव वामन, काळही तोच, शंका यावी असं मला काही दिसलंच नाही. काही महिन्यांनी मूळचे अमरावतीचे एक वृद्ध वाचक खण चाळत होते. त्यांनी ते कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्या वामनरावांना तुम्ही पुण्याला पाठवलंत."

ते दोघं कोण हे बघितलं की चूक किती सहज होते ते कळतं. वामन मल्हार जोशी यांचा जन्म १८८२चा, वामन गोपाळ जोशी यांचा १८८१चा. दोघंही लेखक, दोघंही पत्रकारितेत वावरलेले, दोघांनीही इंग्रजांचा तुरुंग पाहिलेला. वामन मल्हार कोल्हापूरला 'विश्ववृत्त' मासिकाचं संपादन करत असताना त्यात पं. सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख छापला गेला, सरकारने त्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि १९०८मध्ये संपादकाला शिक्षा झाली. वामन गोपाळ हे वऱ्हाडातले काँग्रेसचे पुढारी. लोकांनीच त्यांच्या नावामागे 'वीर' लावलं. त्यामुळे तुमच्या संगणकातल्या 'व्यवसाय' या चौकटीत दोघांपुढे 'लेखक, पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक' असं लिहिलंत तर वेगळेपण काहीच उरत नाही.

ते उरतं रोजच्या कामात. वामन मल्हार तुरुंगातून सुटल्यावर शिक्षणाकडे वळले. पुण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. 'रागिणी', 'सुशीलेचा देव', 'इंदु काळे व सरला भोळे' या कादंबऱ्यांमध्ये माणसं सतत वाद घालतात, शंका काढतात, समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतात. तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेर पडलेल्या माणसाचं ते लेखन आहे. १९३०च्या मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच. वामन गोपाळ सभांमधून बोलणारे आणि रंगभूमीसाठी लिहिणारे. त्यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने केलं, आणि 'रणदुंदुभि' १९२७मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने. 'परवशता पाश दैवे' हे पद लिहिणारा माणूस हजार प्रेक्षकांच्या थिएटरचा विचार करून लिहितो. एकाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर मासिकाचं किंवा शिक्षणसंस्थेचं नाव सापडेल, दुसऱ्याच्या पानांवर नाटक मंडळीचं. नावाशी अडलात की मुद्रक, प्रकाशक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना कोणाची, प्रयोग कोणी केला, हे वाचा. माणूस कोणाबरोबर काम करत होता ते कळलं की बहुतेक वेळा गाठ सुटते.

वसंत देसाई हे प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे कामाची क्षेत्रंही एकमेकांना चिकटलेली आहेत. संगीतकार वसंत देसाई १९१२चे, सिंधुदुर्गातल्या सोनवड्याचे. तरुणपणी प्रभातमध्ये शिरले, मग राजकमलमध्ये 'शकुंतला'पासून पुढे व्ही. शांताराम यांच्या एकामागून एक चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं. 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ' ही नावं तुम्हाला माहीत असतीलच. रंगभूमीवर 'पंडितराज जगन्नाथ'चं संगीत त्यांचं. १९७५ साली मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले. दुसरे वसंत शांताराम देसाई नाटककार. गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यांनी 'विधिलिखित' आणि 'अमृतसिद्धी' लिहिली, पुढे बालगंधर्वांवर आणि त्या रंगभूमीवर पुस्तकं लिहिली.

इथे दोन सापळे आहेत. पहिला 'शांताराम' या शब्दाचा. संगीतकाराच्या नोंदीत व्ही. शांताराम यांचा उल्लेख असतोच, त्यामुळे नोंद करणाऱ्याच्या मनात 'वसंत' आणि 'शांताराम' जवळजवळ येऊन बसतात, आणि नाटककाराच्या वडिलांचं नाव संगीतकाराला लागतं. दुसरा सापळा मराठी नाटकांच्या मुखपृष्ठाचा. आपल्याकडे नाटकाच्या नावाआधी 'संगीत' छापायची जुनी पद्धत आहे. 'संगीत अमृतसिद्धी' याचा अर्थ पदं असलेलं नाटक एवढाच. तरुण मुलगा किंवा मुलगी नोंद करायला बसली की मुखपृष्ठावर 'संगीत' आणि खाली 'वसंत शांताराम देसाई' दिसतं, आणि नाटककार संगीतकाराच्या रकान्यात जातो. हा प्रकार मी एकाहून अधिक वाचनालयांत पाहिला आहे. त्यासाठी दंडक एकच ठेवा: नाव मुखपृष्ठावरून घ्यायचं नाही, आतल्या शीर्षक-पानावरून घ्यायचं, आणि जसं छापलं आहे तसं पूर्ण घ्यायचं. मधलं नाव गाळलं की तुम्ही स्वतःच्या हाताने पुरावा पुसलात.

शरद जोशी हे त्या मानाने लवकर सुटतील, तरी एक पुस्तक तुम्हाला नक्की फसवेल. शेतकरी संघटनेचे शरद जोशी (१९३५–२०१५) आधी टपाल खात्यात अधिकारी होते, नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत. ती नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला आले, कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती केली, तिचा जमाखर्च मांडला, आणि त्या हिशोबातूनच कांद्याच्या आंदोलनाची भाषा तयार झाली. दुसरे शरद जोशी (१९३१–१९९१) उज्जैनचे, हिंदीतले व्यंगलेखक. 'ये जो है ज़िंदगी' या दूरदर्शन मालिकेचं लेखन त्यांचं. लिपी दोन्हीकडे देवनागरी, नाव अक्षरशः तेच, त्यामुळे संगणक त्यांना एकच समजणार. त्यातून हिंदीतल्या जोशींचं एक पुस्तक आहे 'जीप पर सवार इल्लियाँ'. इल्ली म्हणजे अळी. हरभऱ्यावर पडलेली अळी आणि ती बघायला जीपमधून निघालेले अधिकारी असा त्यातला विषय. नुसता विषय बघून वर्गीकरण करणारा माणूस ते थेट शेतकरी नेत्याच्या 'अंगारमळा'शेजारी ठेवतो. म्हणून भाषेचा रकाना रिकामा ठेवू नका. तो भरायचा कंटाळा केला जातो, आणि अशा वेळी तोच उपयोगी पडतो.

आद्याक्षरांबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. आपल्याकडे 'पु. ल.', 'वि. स.', 'चिं. वि.' अशी आद्याक्षरं प्रेमाने वापरली जातात, बोलताना ती गोडही वाटतात. तालिकेत मात्र त्यांनी फार नुकसान केलं आहे. सी. डी. देशमुख म्हटलं की चिंतामण द्वारकानाथ देशमुखच आठवतात: महाडजवळच्या नाते गावचे, १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले, पुढे केंद्रीय अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६मध्ये मंत्रिपद सोडणारे. पण नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक चक्रधर देशमुख हेही इंग्रजीत सी. डी. देशमुखच, आणि आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांच्या प्रवचनांचं संपादन त्यांनी केलेलं. चिंतामणराव संस्कृतचे व्यासंगी होते, महात्मा गांधींची वचनं त्यांनी संस्कृत श्लोकांत आणली होती. त्यामुळे अध्यात्माचं इंग्रजी पुस्तक त्यांच्या नावावर सापडलं तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. प्राध्यापक मात्र तालिकेतून नाहीसे होतात.

पुरुषोत्तम लक्ष्मण आणि पुरुषोत्तम यशवंत देशपांडे यांचंही तेच. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला, पु. यं.ना १९६२चा 'अनामिकाची चिंतनिका'साठी आणि पु. लं.ना १९६५चा 'व्यक्ति आणि वल्ली'साठी. 'पु. देशपांडे' एवढंच लिहिलेलं कार्ड सापडलं तर ते पु. लं.चंच असेल असं गृहीत धरू नका.

एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं तुमच्याकडे थोडीच असतील, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. फक्त 'विष्णुशास्त्री' हा शब्द दिसला की थांबा. विष्णु परशुराम पंडित आणि विष्णु कृष्ण चिपळूणकर हे दोघेही विष्णुशास्त्री. पहिल्यांनी विधवाविवाहाच्या चळवळीसाठी आयुष्य वेचलं आणि १८६९ची तुकारामाची गाथा संपादित केली. दुसऱ्यांनी १८७४पासून 'निबंधमाला' चालवली आणि तिच्यात सुधारकांवर कडाडून हल्ले केले. त्यांना एकत्र केलंत तर एकच माणूस स्वतःच्या विरोधात लिहिताना दिसेल.

बायकांच्या नावांकडे मात्र जास्त वेळ द्या, कारण तिथे गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. १८८२च्या पुण्याविषयी वाचताना 'रमाबाई' एवढंच येतं. त्या वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनसमोर साक्ष दिली. त्याच समाजाच्या सभांना महादेव गोविंद रानड्यांच्या पत्नी रमाबाई जात होत्या. एकाच खोलीत, एकाच कामासाठी, दोन रमाबाई. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. एकीने मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला आणलं आणि नंतर केडगावला मुक्तिसदन उभं केलं. दुसरीने पुण्याच्या सेवासदनाचा डोलारा सांभाळला आणि पतीच्या आठवणींचं पुस्तक १९१०मध्ये लिहिलं. पंडिता रमाबाईंची नोंद 'रमाबाई, पंडिता' अशीच करा, कारण त्या त्याच नावाने वावरल्या. दुसरी 'रानडे, रमाबाई'. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आडनावाखाली पंडिता रमाबाईंना दडवलंत तर वाचकाला त्या सापडणारच नाहीत.

याच्या उलट, एकाच बाईची तीन नावं असतात. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकच व्यक्ती. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि ज्या नावाआडून 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं ते टोपणनाव. अशा वेळी एक नाव मुख्य ठरवा आणि बाकीच्यांवरून 'पाहा' अशी नोंद द्या. जुन्या कार्डांवर ती पद्धत होती, संगणकातही तिची सोय असते, फक्त वापरली जात नाही.

दत्तक गेलेल्यांचं काय करायचं हेही सांगते. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम, चुलत्यांना दत्तक गेल्यावर विष्णु सखाराम. शिरवाडकर जन्माने गजानन रंगनाथ, तेही काकांकडे दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. म्हणजे मराठीतले पहिले दोन ज्ञानपीठ मिळवणारे लेखक दोघेही दत्तक आणि दोघेही नंतरचे 'विष्णु'. शाळेच्या जुन्या दाखल्यावर वेगळं नाव दिसलं म्हणून दुसरा माणूस मानू नका. तुमच्या गावातल्या लेखकांमध्येही अशी उदाहरणं असतील, त्यांच्या घरच्यांना विचारलंत तर लगेच कळेल. शिवाय आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत आहे. विष्णु कृष्ण, त्याचा मुलगा कृष्ण विष्णु, त्याचा मुलगा पुन्हा विष्णु कृष्ण. तिन्ही भाग जुळले तरी माणूस दुसरा असू शकतो. तिथे जन्मसालच उपयोगी पडतं, आणि ते नसेल तर पुस्तक छापल्याचं साल.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसले ती. जोशी, देसाई, देशमुख यांच्याबाबतीत चूक झाली तरी कुणीतरी ती पकडतं. त्यांच्यावर लिहिणारे आहेत, कोश आहेत, शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. तुमच्या वाचनालयात अशी पुस्तकं आहेत ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसेल. गावातल्या निवृत्त शिक्षकाने स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह, कंपाउंडरने लिहिलेली औषधी वनस्पतींची माहिती, कीर्तनकाराची आख्यानं. या माणसांची नावं हमखास एखाद्या प्रसिद्ध माणसाच्या नावासारखी असतात, कारण आपल्याकडे नावं ठेवायची ती ठरावीकच.

आमच्याकडे असे एक प्राथमिक शिक्षक होते. नाव, आडनाव, दोन्ही एका नामवंत कवीचंच. त्यांनी मुलांसाठी बडबडगीतांची बत्तीस पानी पुस्तिका छापली होती आणि एक प्रत स्वतः आणून दिली होती. ते वारल्यानंतर त्यांचा मुलगा आला. घरातली शेवटची प्रत पुराच्या पाण्यात गेली होती. तालिकेत पुस्तिका सापडेना. कार्डांच्या वेळी कुणीतरी ती नामवंत कवीच्या नावाखाली घातली होती, पुढे त्या कवीचं सगळं लेखन एका कपाटात हलवलं गेलं, आणि 'ही किरकोळ प्रत कसली' म्हणून ती पोत्यात बांधून माळ्यावर गेली. चार दिवस लागले. सापडली ती दाखल रजिस्टरमुळे, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यात टिपतात त्या वहीमुळे. तिथे जुन्या ग्रंथपालांनी देणगीदाराच्या रकान्यात 'लेखकाकडून भेट, जि. प. शाळा' एवढं लिहून ठेवलं होतं. त्या पाच शब्दांतून माणसाचं काम कळलं, आणि कामावरून माणूस सापडला. मुलाने पुस्तिकेची झेरॉक्स काढली, मूळ प्रत वाचनालयातच ठेवा म्हणाला. आता ती वडिलांच्या नावावर, त्यांच्या शाळेच्या उल्लेखासह नोंदलेली आहे.

म्हणून प्रत्येक नावापुढे तुमच्या नोंदीत एक छोटी ओळ हवी. मी अशी लिहायचे: 'जोशी, वामन मल्हार (१८८२–१९४३), कादंबरीकार, प्राध्यापक'. 'जोशी, वामन गोपाळ (१८८१–१९५६), नाटककार, अमरावती'. स्थानिक लेखकासाठी सालं नसतील तर गाव आणि काम लिहा: 'शिक्षक', 'वैद्य', 'ग्रामसेवक'. 'लेखक' लिहू नका. पुस्तकावर नाव आहे म्हणजे लेखक आहेच, त्यातून वेगळं काही कळत नाही. खात्री नसेल तिथे नाव तसंच ठेवा आणि पुढे 'शंकित' अशी खूण करा. अंदाजाने सालं भरू नका. चुकीचं साल एकदा छापलं की पुढचा माणूस त्यालाच पुरावा मानतो.

दिवाळीची मुदत मंडळाने घातली आहे. ती सगळ्या पुस्तकांना लावू नका, एवढं मंडळाला समजावून सांगा. बहुतेक नावांत गोंधळ नसतोच. संगणकातून अशी नावं काढून घ्या ज्यांच्याखाली पुस्तकं जास्त आहेत आणि पहिल्या व शेवटच्या पुस्तकाच्या सालांत साठ वर्षांहून अधिक अंतर आहे. ज्या नावाखाली अगदी न जुळणारे विषय एकत्र आलेत तीही काढा. जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील, जाधव, शिंदे या आडनावांपासून सुरुवात करा. ही यादी घेऊन दोघांनी बसायचं, एकाने शीर्षक-पान वाचायचं, दुसऱ्याने दाखल रजिस्टर. तुमच्यासारख्या आकाराच्या वाचनालयात अशी नावं दोन-तीनशेच्या आसपास निघतात असा माझा अनुभव आहे. रोज दहा घेतली तर सुट्ट्या धरून महिना-सव्वा महिना.

आणि संगणकाचं काम झालं म्हणून कार्डं रद्दीत देऊ नका. ती उलटी करून बघा. जुने ग्रंथपाल कार्डाच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवायचे: 'हे ते नव्हेत', 'सांगलीचे', 'वकील', 'पुतणे'. तुमच्या खणांतही असं लिहिलेलं असणार. ते वाचून नोंदीत उतरवा. पेन्सिल दमटपणाने पुसट होते, त्यामुळे ते खण भिंतीपासून हलवून कोरड्या जागी ठेवण्याचं काम या आठवड्यातच करा.